बिटाचं एक बी, रोपं तीन-चार

बिटाचं बी हातात घेऊन बघा. खडबडीत, सुरकुतलेला खडाच जणू. खरं तर ते एक बी नसतंच. दोन ते चार बियांचा तो चिकटलेला गुच्छ असतो. म्हणून एक दाणा पेरला तरी एकाच जागी रोपांची गर्दी होते. ती तशीच ठेवली, तर पानं भरपूर येतात आणि खाली बोटाएवढी मुळं.

बी रात्रभर पाण्यात भिजवा, मग साधारण दीड सेंटिमीटर खोल पेरा. रोपं ५ सेंटिमीटरची झाली की प्रत्येक जागी सगळ्यात दणकट एकच ठेवा. बाकीची उपटू नका! मुळं एकमेकांत गुंतलेली असतात, ठेवायचं रोपही हलतं. छोट्या कात्रीनं मातीलगत कापा. जीवावर येतं, पण करावंच लागतं. (कापलेली कोवळी पानं धुऊन कच्चीही खाता येतात.) दोन रोपांत ८ ते १० सेंटिमीटर अंतर राहू द्या.

शेणखत ताजं नको, चांगलं कुजलेलंच घाला. नत्र जास्त झालं की पुन्हा नुसता पाल्याचाच जोर.