कोरा कॅनव्हास समोर आहे, आता पहिला रंग कुठे टाकायचा?

ॲबस्ट्रॅक्ट, म्हणजे ओळखीची वस्तू न दाखवणारं चित्र, करायला बसलेले बहुतेक जण एकच करतात, कॅनव्हास समोर ठेवायचा आणि डोक्यात काहीतरी भारी यायची वाट बघत बसायचं. येत नाही ते. निसर्गचित्रात निदान झाड कुठे, आकाश कुठे हे ठरलेलं असतं, इथे धरायला काहीच नाही मग हात उचलतच नाही. माझं मत विचाराल तर पहिला लेयर म्हणजे चित्र नव्हेच, त्यातलं बरंचसं पुढे झाकलं जाणार आहे, त्याचं काम एवढंच की पुढची चाल खेळायला समोर काहीतरी असावं. तो छान आलाच पाहिजे हा हट्ट सोडा, बाकीचं जमतं.

सामानाचं पटकन उरकतो. सुरुवातीला ॲक्रिलिकच घ्या, पातळ थर पंधरावीस मिनिटांत वाळतो आणि लगेच वर दुसरा देता येतो, ऑइलला त्याच कामाला दिवस जातात. कॅनव्हासच पाहिजे असंही नाही, ३०० जीएसएमचा जाड कागद चारही कडांना टेप लावून बोर्डवर चिकटवा, वरून जेसोचा, म्हणजे रंग धरून ठेवणाऱ्या पांढऱ्या प्रायमरचा, एक हात मारा, झालं. पण एकच नको, तीन-चार कागद शेजारी शेजारी लावा. एकच मोठा महागाचा कॅनव्हास असला की माणूस जपून जपून रंगवतो आणि ते जपणं चित्रात दिसतं हो. ब्रश मोठा घ्या, दाराखिडक्या रंगवायचा दोन इंची असतो ना तोसुद्धा चालतो, बारीक ब्रश पहिला अर्धा तास हातात धरूच नका.

आता सुरुवात. सगळ्यात सोपी म्हणजे पांढरा घालवणं. पांढऱ्यावर कुठलाही रंग टाकला की तो गडदच वाटतो, त्यामुळे अंदाज चुकतो. येलो ऑकर (मातकट पिवळा) किंवा बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) पातळ करून अख्ख्या कागदावर फासा आणि ओला असतानाच जुन्या फडक्याने मधेमधे पुसा. पुसलेल्या जागा उजळ होतात, कडेला रंग साठून रेघ तयार होते, फडक्याच्या विणीचा ठसा उमटतो, म्हणजे तुम्ही काही ठरवायच्या आधीच तीन-चार गोष्टी समोर असतात. पुढे निळसर काही करायचं डोक्यात असेल तर तळाला मुद्दाम केशरी द्या, वरच्या निळ्याच्या फटींतून तो डोकावतो आणि निळा नुसता सपाट राहत नाही.

दुसरी पद्धत रेघांची. चारकोल, म्हणजे चित्रकलेचा कोळसा, घ्या, उभे राहा, आणि मनगट न हलवता खांद्यापासून हात फिरवा. उजवे असाल तर डाव्या हाताने. काय काढायचं सुचत नसेल तर मनात चाललंय ते चक्क लिहून काढा, मोठ्या अक्षरांत, एकावर एक, वाचता येणार नाही असं, नंतर ते झाकायचंच आहे. फक्त चारकोलवर ओला रंग फिरवला की तो रंगात मिसळतो, लालनिळ्यात खपून जातं पण पिवळा मात्र हिरवट मळका होतो, तसं नको असेल तर आधी फिक्सेटिव्हचा, म्हणजे कोळशाची भुकटी कागदाला धरून ठेवणारा, स्प्रे मारून वाळू द्या.

तिसरी पाण्याची. हेलन फ्रँकेन्थेलर या चित्रकर्तीने १९५२ मध्ये प्रायमर न लावलेला कॅनव्हास जमिनीवर पसरून त्यावर पातळ केलेला ऑइल कलर ओतला, रंग कापडातच मुरला. ऑइल असं थेट कापडात मुरलं की काही वर्षांनी कापड खराब होतं, म्हणून आपण ॲक्रिलिकने करायचं. पाणी शिंपडा, रंग ओता, बोर्ड तिरका करून ओघळ फिरवा. जेसो लावलेल्या कागदावर करत असाल तर नुसतं पाणीच ओतत सुटू नका, फार पाण्याने रंगातला चिकटपणा कमी होतो आणि दुसरा लेयर देताना पहिला निघून येतो. थोडं पाणी आणि बाकी मीडियम, म्हणजे रंगात मिसळायचं ॲक्रिलिकचंच बिनरंगी द्रावण, असं ठेवा.

आता खरा विषय, भावना. एक्सप्रेसिव्ह म्हटलं की लोकांचं सुरू होतं राग म्हणजे लाल, दुःख म्हणजे निळा, शांतता म्हणजे हिरवा. मला हे अजिबात पटत नाही, असली चित्रं सगळ्यांची एकसारखी दिसतात. भावना रंगाच्या आधी हाताच्या वेगात असते, दाबात असते आणि कडेत असते. करून बघा, एका कागदावर पेन्सिलने सहा चौकटी आखा, फक्त काळा रंग घ्या आणि प्रत्येक चौकटीत एक अवस्था काढा, पण चित्र नाही, चेहरा नाही, बाण-बदाम तर नाहीच. चिडचिड घ्या समजा. ब्रश जवळजवळ कोरडा, आखूड फटके, एकाच जागी परत परत, चौकटीच्या एका कोपऱ्यात गर्दी आणि बाकी मोकळं. मग कंटाळा घ्या, तोच ब्रश तोच काळा, पण आडवी संथ रेघ, मधेच रंग संपतो तरी हात पुढे जात राहतो, रेघ खरखरीत होत होत नाहीशी होते. दोन्हीत रंग एकच आहे तरी कुठली चौकट कुठली हे समोरच्याला सांगावं लागत नाही. सहातली जी सगळ्यात खरी वाटेल ती मोठ्या कागदावर घ्यायची, तशीच मोठी करून नाही हं, तो वेग आणि तो दाब तेवढा न्यायचा. मोठ्या कागदावर अख्खा हात लागतो त्यामुळे रेघ आपोआप वेगळी येते, येऊ द्या.

रंग निवडताना स्वतःला बांधून घ्या. पांढरा सोडून तीनच, एक गडद, एक फिका आणि एक शिरजोर. त्यातला एखादा पारदर्शक असलेला बरा, थॅलो ब्लू किंवा क्विनाक्रिडोन रोझसारखा, म्हणजे खालचं दिसत राहतं, आणि एखादा येलो ऑकरसारखा झाकणारा. थॅलो ब्लू काडीच्या टोकावर मावेल एवढाच घ्या, तो सगळ्यांना खाऊन टाकतो. चिखल होतो तो बहुतेक वेळा घाईमुळे, लाल-हिरवा किंवा निळा-केशरी असे विरुद्ध रंग ओल्यात ओले घोळले की राखाडी-तपकिरी होणारच, मधे वाळू द्या. आणि ॲक्रिलिक वाळल्यावर किंचित गडद होतो हेही लक्षात असू द्या, ओल्यात बघून निर्णय घेऊ नका.

एवढं झालं की थांबा. हे लोक करतच नाहीत. कागद भिंतीला टेकवा, लांब जा, मग उलटा करा, आडवा करा. ॲबस्ट्रॅक्टच्या सुरुवातीच्या चित्रकारांपैकी एक, रशियन कांडिन्स्की, त्याचा किस्सा आहे, संध्याकाळी स्टुडिओत शिरल्यावर त्याला एक विलक्षण सुंदर चित्र दिसलं, कशाचं ते कळेना, आणि ते निघालं त्याचंच, आडवं ठेवलेलं. मोबाईलवर फोटो काढून ब्लॅक अँड व्हाईट करून बघा, सगळं एकाच करड्या रंगाचं दिसलं तर पुढची चाल ठरलीच, गडद कुठेतरी जोरात वाढवा नाहीतर फिका. मग फक्त एक जागा निवडा जी राखायची आहे. एकच. बाकीच्यावर बिनधास्त झाकणारा रंग फिरवा, मोठ्या सपाट जागा करा, गर्दीला श्वास मिळतो. झाकलेलं ओलं असतानाच खरवडून खालचं परत काढताही येतं, आपले ॲबस्ट्रॅक्ट चित्रकार वासुदेव गायतोंडे रोलर आणि पॅलेट नाइफने (रंग लावायच्या-खरवडायच्या बोथट सुरीने) काम करायचे, त्यांची चित्रं मिळाली तर अगदी जवळून बघा, लावण्याइतकंच काढणंही किती आहे ते कळेल.

राखलेली जागा तीच पुढे अडचण होते कधीकधी, तिला जपायला बाकी सगळं तिच्याभोवती वळतं आणि चित्र अडकतं, तेव्हा तिच्यावरही रंग फिरवायचा, फोटो आहेच. तरी नाही सुटलं तर शेजारचा कागद घ्या, म्हणून तर तीन-चार लावले होते. आणि ऑइल पेस्टल हाताशी असेल तर ते अगदी शेवटी, एकदा लागलं की त्यावर ॲक्रिलिक धड बसत नाही, सोलून येतं.