लोणच्यासाठी जुनी बरणी वापरण्यापूर्वी
सांगली-साताऱ्याकडे कैरीच्या दिवसांत घरोघरी लोणचे घातले जाते; त्यासाठी प्लॅस्टिकच्या डब्यापेक्षा चिनी मातीची बरणीच घ्यावी, असे मला मनापासून वाटते, कारण तिच्या चांगल्या झिलईवर मीठ आणि आंबटपणा यांचा सहसा परिणाम होत नाही आणि ती वर्षानुवर्षे वापरता येते. मात्र माळ्यावरची जुनी बरणी काढल्यास तिच्यात पाणी भरून ती रात्रभर कोरड्या वर्तमानपत्रावर ठेवावी; सकाळी कागद ओला दिसला, तर बरणीला तडा गेला आहे असे समजून तिच्यात लोणचे घालू नये, कारण अशा तड्यांत तेल-मीठ मुरते आणि ती जागा कितीही घासली तरी स्वच्छ होत नाही. शोभेची रंगीत भांडी तर मुळीच नकोत. त्यांच्या झिलईत शिसे असू शकते आणि आंबट पदार्थात ते उतरते.