श्रीखंडाला हळदीचा रंग देताना

पाडव्याच्या ऑर्डरींना मी बाटलीतला पिवळा रंग वापरत नाही. सांगलीत राहून हळद सोडून बाटली उघडायची, हे मनाला पटतच नाही. पण पहिल्या वर्षी हळद नुसत्या पाण्यात कालवून चक्क्यात घातली आणि फसले. एका ताईंनी डबा उघडून दाखवला: पांढऱ्या श्रीखंडात पिवळे ठिपके, वर कच्च्या हळदीचा उग्र वास. पैसे परत केले.

चूक पाण्याची होती. हळदीचा पिवळा रंग कुर्कुमिनचा. ते पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही, आणि जे थोडंफार उतरतं तेही साध्या पाण्यात लवकर विघटित होतं. दुधात मात्र केसिन असतं, ज्याचं पनीर होतं ते प्रथिन. त्याच्या सूक्ष्म कणांत पाण्यापासून दूर राहणाऱ्या जागा असतात. कुर्कुमिन तिथे जाऊन चिकटतं. मग रंग सगळीकडे सारखा पसरतो आणि टिकतोही.

एक किलो चक्क्याला मी असं करते. छोट्या स्टीलच्या पातेल्यात अर्धा चमचा तूप कोमट करायचं, त्यात अर्धा चहाचा चमचा हळद घालून अगदी मंद आचेवर हलवायचं. कच्चा वास गेला की लगेच 100 मिली दूध ओतायचं. लोखंडी कढई नको, लोखंडाने हळद काळपट पडते. दूध उकळी येऊ न देता ढवळत अर्ध्यावर आणायचं. सायीच्या कडेला पिवळी रेघ दिसू लागते, दूध शेवंतीच्या रंगाचं होतं. दुहेरी मलमलीतून गाळून झाकायचं आणि रात्रभर फ्रिजमध्ये ठेवायचं.

ही रात्र चुकवू नका. सकाळी तळाशी दाट साका दिसेल, ती न उतरलेली हळद. वरचं दूध तेवढं अलगद ओतून घ्यायचं. ते गार असतानाच चक्क्यात चमचा-चमचा घालत फेटायचं, मग साखर, आणि सगळं पुरणयंत्रातून काढायचं. चक्का आंबट असल्याने गरम दूध पडलं तर गुठळ्या होतात.

रंग मंद, लिंबासारखा येतो. गडद हवा म्हणून हळद वाढवू नका, चव बिघडते. आणि हे केशर म्हणून कुणाला देऊ नका. डब्यावर 'हळद' असंच लिहावं.

खायचा सोडा जवळपास नको. क्षार लागला की हळद लाल होते, कुंकू चुन्याने लाल होतं तसंच. उन्हात रंग उडतो, म्हणून पारदर्शक डबे खिडकीत ठेवत नाही. रंगाचं दूध फ्रिजमध्ये दोन दिवसांत संपवते.

गुलाबी हवा असेल तर बिटाचा कच्चा रस आंबटपणात छान टिकतो, फक्त तापवायचा नाही.

तळाचा साका मी संध्याकाळच्या कढीत घालते.