पहिली-दुसरीत चित्रकला आणि अभ्यास जोडताना या चुका टाळा

सोलापुरात पहिली-दुसरीच्या वर्गावर माझी बरीच वर्षं गेली. त्याच त्या चुका दर जूनला नव्याने होताना बघून जीव तुटतो, म्हणून लिहितेय.

पहिली चूक झेरॉक्सची. छापील चित्र वाटायचं, रंगवून घ्यायचं, भिंतीला लावायचं आणि उपक्रम झाला म्हणून नोंद करायची. मीही हे केलंय. दुसरीला गणितात आकृतिबंध शिकवत होते. चादरीच्या किनारीचं चित्र छापून दिलं: त्रिकोण, त्रिकोण, चौकोन, पुन्हा तेच. मुलांनी सुंदर रंगवलं. दुसऱ्या दिवशी फळ्यावर वेगळा क्रम मांडून पुढचा आकार विचारला, तर निम्मा वर्ग गप्प. क्रम मीच लावून दिला होता, मुलांच्या वाट्याला नुसतं रंग भरणं उरलं होतं.

मग एकीला घरून खरी चादर आणायला सांगितली. वर्गात अंथरली, सगळे भोवती बसले. तिच्या घरी यंत्रमागाचं काम. तिने कोपरा उलटला आणि म्हणाली, "बाई, बघा की! इकडं लाल हाय ते तिकडं पांढरं झालंय." जकार्डच्या, म्हणजे नक्षी विणणाऱ्या मागावरच्या, चादरीत दोन रंगांची वीण एकमेकीत गुंतलेली असते, एका बाजूला वर असलेला रंग दुसऱ्या बाजूला मागे जातो. हे तिला कुणी शिकवलेलं नव्हतं. मग चौकटीची वही काढली. चादरीची नक्षी करणारे कारागीर ग्राफ कागदावर घर-घर भरत जातात, तशी प्रत्येकाने आपली किनार भरायची. एक मुलगा दोन लाल, एक पांढरं असं भरत निघाला, मध्येच अडला, बोट ठेवून मागे मोजत गेला आणि चुकलेलं घर त्यानेच शोधलं. याला दोन तासिका लागल्या. झेरॉक्सचं काम वीस मिनिटांत होतं, म्हणून नव्या शिक्षिका मला पीडीएफ मागतात. मी पाठवत नाही. चादर मागा, टॉवेल मागा, आजीची इरकल मागा. सोलापुरात नक्षीला काय तोटा!

दुसरी चूक फळ्यावरच्या नमुन्याची. दोन डोंगर, मध्ये सूर्य, खाली नदी, झोपडी. आमच्या मुलांनी दारातून सूर्य डोंगरातून उगवताना कधी पाहिला? इथे माळ आहे, ज्वारीचं शिवार आहे. परिसराचा पाठ असेल तर आधी खिडकीबाहेर बघू द्या, फळा कोरा ठेवा.

कागद पुरला नाही म्हणून मुलाला रागावू नका. जानेवारीत सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेनंतर एकाने नंदीध्वज, म्हणजे मिरवणुकीत माणूस पेलून नेतो ती उंच काठी, काढला आणि काठी कागदाबाहेर गेली. "लहान काढ" हे शब्द माझ्या ओठांवर आले होते. त्याऐवजी दुसरा कागद चिकटवून दिला, मग तिसरा. शेवटी तो म्हणाला, माणूस एका कागदात मावतो, काठीला तीन लागतात. उंच-ठेंगणं, किती पट, सगळं त्याच्याच तोंडून आलं. तेव्हापासून माझ्या कपाटात रद्दी कागद आणि खळ कायम असते.

मुलाच्या चित्रावर आपला हात फिरवू नका. कधीच नाही.

थर्माकोलचे प्रकल्प घरी देऊ नका, ते आई-वडीलच करतात.

चित्र पाठ संपल्यावर बक्षीस म्हणून ठेवू नका. मी पाठाआधी काढून घेते, म्हणजे मुलाला काय ठाऊक आहे ते कळतं. आणि चित्राखाली मूल जे सांगेल ते त्याच्याच शब्दांत लिहिते. घरी तेलुगू किंवा कन्नड बोलणारं मूल असेल तर तो शब्द तसाच देवनागरीत, शेजारी मराठी शब्द. त्या ओळी मूल सगळ्यात आधी वाचायला लागतं, कारण त्या त्याच्याच असतात.