तैवानचा यूशान चढायचाय? आधी खाट, मग विमानाचं तिकीट

तैवान नकाशावर चिमुकलं दिसतं, पण या बेटावर ३,००० मीटरच्या वरची अडीचशेहून जास्त शिखरं आहेत. सगळ्यात उंच यूशान, ३,९५२ मीटर, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या दुपटीहून जास्त. मी तैवानमधल्या शिंचू शहरात राहतो. दर दिवाळीच्या आसपास पुण्या-मुंबईहून एकच निरोप येतो : 'तिकिटं काढली आहेत, यूशानचं काय ते बघ ना.' त्या वेळी बघण्यासारखं फारसं काही उरलेलं नसतं. म्हणून हे सविस्तर लिहितोय.

सह्याद्रीत आपली सवय वेगळी. शुक्रवारी ठरवायचं, रात्रीची शेवटची कसारा लोकल पकडायची, पायथ्याच्या गावात कुणाच्या तरी पडवीत पाठ टेकायची. 'जाऊन तर बघू, सोय होईल' हा सल्ला तिथे चालतो. यूशानला तो चालत नाही, आणि इंटरनेटवर तोच सल्ला सगळ्यात जास्त दिला जातो. 'वाटेवर कुणी विचारत नाही' असं सांगणाऱ्याचं तर अजिबात ऐकू नका. पायथ्याशी कागद तपासतात. विनापरवाना सापडलात तर दंड होतो. काही जिल्ह्यांत, नियम मोडून गेलेल्या माणसाला शोधून आणण्याचा खर्चही त्याच्याकडूनच वसूल करतात, आणि ते योग्यच आहे.

ऋतू ठरवा. ऑक्टोबर ते डिसेंबर उत्तम. मे-जून पावसाचे, त्यापुढे सप्टेंबरपर्यंत वादळांचा जोर. जानेवारी ते मार्च वर बर्फ असू शकतो. बर्फावर चालताना बुटांना बांधायच्या काट्यांची आणि बर्फात रोवायच्या कुऱ्हाडीची सवय नसेल तर ते महिने सोडून द्या.

व्हिसा. तैवानचा व्हिसा देणाऱ्या तायपेई इकॉनॉमिक अँड कल्चरल सेंटरचं कार्यालय २०२४ पासून मुंबईतही आहे. पासपोर्टची मुदत संपत आली असेल तर नूतनीकरण आधी करा; कारण पुढे कळेलच.

आता खरं काम : परवानगी. सगळे अडकतात ते इथेच. मलाही हा गुंता उलगडायला बराच वेळ लागला, कारण 'परमिट' म्हणून जे सांगतात त्या एक नव्हे, तीन गोष्टी असतात : झोपायची खाट, राष्ट्रीय उद्यानात शिरायचा परवाना आणि पोलिसांकडून मिळणारा पर्वतप्रवेशाचा परवाना. तैवान सरकारने २०१९ मध्ये डोंगर खुले करण्याचं धोरण जाहीर केलं आणि हे अर्ज एका संकेतस्थळावर आणले. त्याचं नाव 'हाइक स्मार्ट तैवान', इंग्रजीतही आहे. खिडकी एक झाली, तरी कुलपं तीनच आहेत, आणि ती ठरलेल्या क्रमानेच उघडतात.

पहिलं कुलूप खाटेचं. यूशानच्या मुख्य वाटेवर ३,४०२ मीटरवर पाययुन लॉज आहे. दोन दिवसांच्या चढाईत मुक्काम तिथेच, कारण वाटेत तंबू ठोकायला परवानगी नाही. म्हणजे लॉजमध्ये खाट नाही तर दोन दिवसांची चढाईही नाही. जागा थोड्या आणि इच्छुक भरमसाट, म्हणून सोडत काढतात. सर्वसाधारण अर्ज चढाईच्या दोन महिने आधीपासून ३५ दिवस आधीपर्यंत घेतात आणि सोडत साधारण महिनाभर आधी निघते. शनिवारच्या रात्रीसाठी तर स्थानिक लोकच वर्षानुवर्षं नशीब आजमावत असतात.

पण परदेशी नागरिकांसाठी वेगळी सोय आहे आणि ती आपल्या लोकांना माहीतच नसते. रविवार ते गुरुवारच्या रात्रींसाठी, सुट्ट्यांचे दिवस सोडून, २४ खाटा परदेशी गिर्यारोहकांसाठी राखून ठेवतात. त्यांचा अर्ज चार महिने आधीपासून करता येतो. समजा १८ नोव्हेंबरला निघायचंय आणि तो आठवड्याच्या मधला दिवस आहे. तर १८ जुलैला अर्ज उघडतो आणि १४ ऑक्टोबरला बंद होतो. तुम्ही जुलैतच अर्ज करा. 'गणपती झाले की बघू' म्हणालात तर राखीव खाटा तोवर भरलेल्या असू शकतात आणि हातात उरते फक्त सर्वसाधारण सोडत. आणि शनिवार-रविवारचा हट्ट सोडा. कामावरून मधल्या वारी रजा मिळत नसेल तर यूशान पुढच्या वर्षी करा, मी स्पष्टच सांगतो.

अर्ज भरताना घाई करू नका. गटातल्या प्रत्येकाचं नाव, पासपोर्ट क्रमांक, जन्मतारीख आणि फोन लागतो. नाव पासपोर्टवर आहे तसंच लिहा, वडिलांचं मधलं नावही छापलेलं असेल तर तेही. अर्ज केल्यावर पासपोर्ट बदलला तर परवान्यावरचा क्रमांक आणि हातातलं पुस्तक जुळत नाही. म्हणून नूतनीकरण आधी करा म्हटलं. शिवाय, चढाईला न येणारा, मागे थांबणारा एक संपर्क द्यावा लागतो. तो रकाना लोक कसातरी भरतात. तुम्ही उतरला नाहीत तर बचाव पथक पहिला फोन त्यालाच करणार. तैवानमधला ओळखीचा माणूस द्या, नाहीतर मुक्कामाच्या हॉटेलशी आधी बोलून ठेवा. डोंबिवलीतल्या काकांचा नंबर तिथे कामाचा नाही.

दोन पक्के नियम. एकाच तारखेसाठी एका माणसाचं नाव दोन गटांत घालून संधी वाढवायचा प्रयत्न करू नका. अर्ज बाद होतो. आणि गट आधी पक्का करा, मग अर्ज भरा. नंतर कुणी गळला तर चालतं, पण आयत्या वेळी 'माझा मेहुणा पण येतोय' हे जमत नाही. मी चारच्या वर माणसं घेत नाही. आठ जणांचा चालायचा वेग आणि सगळ्यांच्या रजा कधीच जुळत नाहीत.

खाट मिळाली की पैसे भरायची मुदत कळवतात. ती चुकली की खाट गेली, विनवणीला जागा नाही. उद्यानाचा परवाना हाती आला की त्याच संकेतस्थळावरून पोलिसांचा परवाना मागायचा. तो खाट आणि उद्यानाचं झाल्यावरच, त्याआधी नाही. दोन्ही परवाने छापून घ्या, मोबाइलच्या भरवशावर राहू नका.

आणि आता विमानाचं तिकीट काढा. तारीख तुम्ही ठरवत नाही, लॉज ठरवतं. हा क्रम उलटा केलेले गट मी दरवर्षी पाहतो. खाट मिळत नाही आणि मग कुणीतरी सुचवतं, 'एका दिवसात करून येऊ.' एका दिवसाच्या चढाईचा परवानाही असतो, त्याचा कोटा वेगळा. पण वाट एका बाजूने १०.९ किलोमीटर आहे आणि विरळ हवेत रात्री सुरू करून परत यायचं असतं. मुंबईहून दोन दिवसांपूर्वी उतरलेल्या माणसाने हे करू नये. खाट न मिळाल्यावरचा उपाय म्हणून तर मुळीच नाही.

उंचीची सवय. आदल्या दिवशी हहुआनशान या डोंगरावर जा. रस्ता ३,२७५ मीटरपर्यंत जातो, आणि मुख्य व पूर्व शिखराला (३,४१७ आणि ३,४२१ मीटर) परवाना लागत नाही. यूशान हुकला तरी ही शिखरं तुमचीच. पूर्व तैवानमधल्या तारोको घाटातल्या वाटांचा बेत करताना मात्र काय उघडं आहे ते आधी तपासा. ३ एप्रिल २०२४ च्या ७.२ तीव्रतेच्या भूकंपाने तिथे फार नुकसान झालं.

चढाई. तातका खिंड (२,६१० मीटर) ते लॉज ८.५ किलोमीटर, पाच-सहा तास, वाट सुरेख. जेवण आणि झोपायची पिशवी आधी नोंदवा, शाकाहारी असाल तर तसं कळवा. पहाटे तीनच्या सुमारास शिखराकडे निघायचं, २.४ किलोमीटर. शेवटच्या टप्प्यात उघडी खिंड लागते. तिथे वारा अंगावर येतो आणि कातळातली लोखंडी साखळी पकडताना हात बधिर होतात. बोटांना पकड राहील असे हातमोजे घ्या, लोकरीचे जाड नकोत. डोकं ठणकायला लागलं, उलटी झाली, तर खाली उतरा.

वादळ. हवामान खात्याने वादळाचा इशारा दिला की उद्यान वाटा बंद करतं आणि हातातला परवाना निरुपयोगी होतो. रदबदली चालत नाही. म्हणून परतीचं तिकीट चढाईच्या दुसऱ्याच दिवशीचं काढू नका. मध्ये दोन मोकळे दिवस ठेवा. वाटा बंद राहिल्या तर ते अलिशानच्या जंगलात घालवता येतात, तातकाहून ते जवळच आहे.