वेल्डिंग रॉड सारखा चिकटतोय? आधी एक्स्टेंशनची वायर बघा

शेतावरच्या फाटकाला इन्व्हर्टर मशीनने वेल्डिंग करताना ३.१५ मिमीचा ६०१३ (रॉडचा एक प्रकार) रॉड टेकवला की चिकटायचा. आर्क (रॉड आणि लोखंड यांमधली विजेची ज्योत) पेटलीच, तर फुरफुरून विझायची. तेच मशीन घरी लोण्यासारखं चालतं. नवीन रॉडचं पाकीट फोडलं, रॉड उन्हात वाळवले, अँपिअर १३० पर्यंत चढवले, फरक शून्य. वैताग आला.

शेवटी एक्स्टेंशन बोर्डाच्या दुसऱ्या सॉकेटला मल्टिमीटर लावला. नुसतं मशीन चालू असताना २१० व्होल्ट, आर्क पेटताच १८०! चाळीस मीटर वायर आणि जाडी फक्त १ चौरस मिमी. अँपिअर वाढवले की मशीन वायरीतून जास्त करंट ओढतं आणि व्होल्टेज आणखी पडतं, हे त्यातलं खरं दुखणं.

आधी मेन स्विच बंद केला. ४ चौरस मिमीची तांब्याची वायर टाकली, भेंडोळं पूर्ण उलगडलं (गुंडाळलेली वायर तापते). मग अर्थ क्लॅम्पखालचा (मशीनचा लोखंडाला लावायचा चिमटा) रंग ग्राइंडरने घासून चकचकीत लोखंड काढलं, क्लॅम्प जोडाजवळ लावला. अँपिअर ११० वर आणले. आता आर्क चालू असताना २०० च्या वर व्होल्ट मिळतात, रॉड पहिल्याच घासणीत पेटतो आणि स्लॅग (वेल्डवरचा कडक थर) हातोडीच्या एका टिचकीने निघतो.