मारिओ टेनिस एसेस: या चुका टाळा, नाहीतर 40-0 वर असूनही मॅच जाईल

निन्टेन्डो स्विच कन्सोलवरचा मारिओ टेनिस एसेस हा टेनिसचा व्हिडिओ गेम 2018 च्या जूनमध्ये आला, तेव्हापासून मी तो खेळतोय, बहुतेक वेळा हातात धरूनच. ऑनलाइन अजूनही रोज कोणी ना कोणी नवीन भेटतं आणि चुका मात्र त्याच, अगदी त्याच. दोन चुकांवर मी भरपूर बोलणार आहे कारण निम्म्याहून जास्त मॅच मी त्याच दोघींमुळे जाताना बघतो.

पहिली आणि सगळ्यात मोठी म्हणजे एनर्जी उडवणं. एनर्जी दाखवणारी पट्टी, म्हणजे गेज, जरा भरलं, कोर्टवर स्टार दिसला की लगेच पळत जाऊन आर बटण दाबायचं आणि झोन शॉट, म्हणजे निशाणा धरून मारायचा जोरदार फटका, मारायचा. दिसायला भारी दिसतो मान्य आहे, मारिओ हवेत उडी मारतो, वेळ थांबल्यासारखी होते, तुम्ही निशाणा धरता. पण निशाणा धरून जेवढा वेळ बसाल तेवढं गेज गळत राहतं हे लोक बघतच नाहीत. एकदम कोपऱ्यात, रेषेवरच मारायचा म्हणून बाण इकडून तिकडे फिरवत बसतात, आणि समोरच्याने तो परत केला की यांच्याकडे काहीच उरलेलं नसतं. आता त्याने झोन शॉट मारला तर झोन स्पीड वापरून वेळ हळू करायलाही एनर्जी नाही. उघड्या अंगाने उभे.

ही चूक मी स्वतः केलीय आणि ती मॅच अजून डोक्यातून जात नाही. ऑनलाइन टूर्नामेंटची फायनल, समोर बाउझर हा खेळाडू घेतलेला माणूस. पहिला गेम मी घेतलेला, दुसऱ्यात 40-0. एक पॉइंट हवा होता, फक्त एक. स्टार दिसला, मी आर दाबला, डावा कोपरा धरला, मग वाटलं उजवा बरा, परत डावीकडे आणलं. मारला. त्याने झोन स्पीडमध्ये शांतपणे गाठला आणि परत केला. माझं गेज जवळपास रिकामं, त्याचं भरत आलेलं. पुढच्या दोन पॉइंटमध्ये त्याने सरळ माझ्या अंगावर झोन शॉट मारले, मी दोन्ही वेळा ब्लॉक (बॉल रॅकेटने अडवणं) लवकर दाबला, रॅकेटला तडे. मग त्याचं गेज पूर्ण भरलं, एल दाबून त्याने स्पेशल शॉट मारला, मी परत लवकर दाबला आणि रॅकेट तुटली. दुसरी आणि शेवटची रॅकेट पुढच्या गेममध्ये अशीच गेली. केओ. स्कोअरमध्ये मी पुढे होतो तरी मॅच त्याची, कारण रॅकेट संपल्या की मॅच तिथेच संपते, पॉइंट किती का असेनात.

त्या दिवसापासून माझी सवय ठरली: निदान एक झोन शॉट अडवता येईल एवढं गेज नेहमी ठेवायचं, आणि झोन शॉट मारायचा तर कुठे मारायचा ते उडी मारायच्या आधीच ठरवायचं. हवेत गेल्यावर विचार बदलायचा नाही. कोपरा थोडा हुकला तरी चालेल.

दुसरी मोठी चूक ब्लॉकची. बॉल जोरात येतोय म्हटल्यावर हात आपोआप बटणावर जातो आणि लवकर दाबला जातो. झोन शॉट चुकीच्या वेळी ब्लॉक केला की रॅकेटला मार बसतो, असे तीन मार खाल्ले की ती तुटते. स्पेशल शॉट चुकला तर एका फटक्यात तुटते. उपाय साधा आहे, आर धरून वेळ हळू करा, बॉल अगदी अंगाशी येऊ द्या, मग दाबा. प्रॅक्टिसशिवाय हे जमत नाही, आणि नवे लोक प्रॅक्टिस करतच नाहीत, थेट ऑनलाइन घुसतात आणि मग गेम अन्यायी आहे म्हणतात. गेम अन्यायी नाही, तुम्ही बॉल यायची वाट बघत नाही.

आणि गेज रिकामं असेल, रॅकेट तुटायला आलेली असेल, तर बॉल सोडून द्या! बाजूला व्हा. एक पॉइंट जाईल, रॅकेट राहील. हे करताना जीव तुटतो मला माहितीये, पण मी आता 15-0 ला सुद्धा सोडतो.

ट्रिक शॉट: उजवी स्टिक फिरवली की खेळाडू लांब झेप घेतो, टायमिंग बरोबर आलं तर गेज भरतं. पण बॉल जवळच असताना उगाच झेप घेतली, टायमिंग हुकलं तर उलट एनर्जी जाते. लांबच्या बॉलसाठीच ठेवा.

चार्ज करणं चांगलंच, शॉट जोरात जातो आणि गेजही भरतं, पण चार्ज सुरू केला की पाय जड होतात. आधी जागेवर पोचा, मग बटण धरा. लोक उलटं करतात, अर्ध्या वाटेत धरतात आणि बॉल समोरून निघून जातो.

बॉलचा रंग बघा. लाल टॉपस्पिन आला तर बी दाबून स्लाइसने मारा, निळा स्लाइस आला तर ए दाबून टॉपस्पिनने. सगळीकडे ए-ए-ए दाबणारे लोक मागे ढकलले जातात आणि त्यांना कळतही नाही का. एक्सबरोबर स्टिक वर ढकलली की लॉब (उंच, मागे जाणारा), खाली ओढली की ड्रॉप (जाळ्याजवळ हलकेच पडणारा), हे दोन शॉट विसरलेले तर किती जण भेटतात, आणि मागच्या रेषेवर चिकटलेल्या बाउझरला एक ड्रॉप शॉट पुरतो.

खेळाडू निवडताना कोणी कुठे लिहिलेलं वाचून निवडू नका. सुरुवातीला सगळे बाउझर ज्युनिअर घेऊन यायचे, मग अपडेटमध्ये त्याची ताकद कमी केली, आणि ज्यांनी खेळ शिकलाच नव्हता ते अडकले. मी नवीन माणसाला मारिओच देतो, सगळ्या बाबतीत मधला आहे म्हणून तुमची चूक कुठे होते ते नीट दिसतं. पंधरा-वीस मॅच त्याच्यावर खेळा, मग हवा तर वेगवान योशी घ्या, नाहीतर बॉल वाकवणारा बू घ्या.

अॅडव्हेंचर मोडमध्ये (एकट्याने खेळायची गोष्ट) पिरान्हा प्लांटच्या बॉसवर अडकून गेम सोडून देणारे पण बघितलेत. त्याचे बॉल परत करत राहा, संधी आली की झोन शॉटने बेंबीवर मारा. हरलात तरी अनुभवाचे पॉइंट मिळतात, लेव्हल वाढते, म्हणून परत जा.

आणि हातात धरून खेळताना निशाणा आपोआप एका बाजूला सरकत असेल तर खेळाला दोष द्यायच्या आधी स्टिक तपासा. सिस्टिम सेटिंग्जमध्ये कंट्रोलरच्या भागात जाऊन स्टिक कॅलिब्रेट करा, दोन मिनिटांचं काम आहे. मी टूर्नामेंटला बसायच्या आधी दरवेळी करतो.